यंत्राला चूक दुरुस्त करायला शिकवणारा गणिती

१९४७च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये बेल लॅबोरेटरीजचे एक अवाढव्य गणनयंत्र जोडणीच्या अवस्थेत होते. सुमारे नऊ हजार रिले आणि दहा टनांच्या आसपास वजन असलेले हे यंत्र पुढे लष्कराच्या ॲबरडीन येथील चाचणी केंद्राकडे जायचे होते. तोपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी पाचपासून सोमवारी सकाळी आठपर्यंत ते मोकळे असे. संशोधन विभागातील एका तरुण गणितज्ञाच्या वाट्याला हाच वेळ आला होता. नोकरीत तो नवखा होता आणि कामाच्या दिवसांत त्याला यंत्र मिळणे शक्य नव्हते.

त्या शुक्रवारी त्याने छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर सहकाऱ्यांची अनेक गणिते चढवली, मंगळवारी उत्तरे देतो असा शब्द दिला आणि तो घरी गेला. माणसे बाहेर पडताच यंत्र बिघडले. सोमवारी त्याच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही. सहकाऱ्यांची क्षमा मागून त्याने पुढच्या मंगळवारचा वायदा केला. दुसऱ्या आठवड्यातही नेमके तेच घडले.

हा तरुण म्हणजे रिचर्ड वेस्ली हॅमिंग. आपले यंत्र चूक झाल्याचे ओळखू शकते, हे त्यांना ठाऊक होते. मग चूक झाली एवढे कळणाऱ्या यंत्राला ती कुठे झाली हे का कळू नये, आणि ते कळले तर त्याने ती स्वतःच दुरुस्त का करू नये, असा प्रश्न त्यांना पडला. दोन वाया गेलेल्या शनिवार-रविवारांच्या चिडचिडीतून उपजलेल्या या प्रश्नाने पुढे संगणकाच्या स्मृतीपासून चुंबकीय फितीपर्यंत सर्वत्र माहिती जपण्याची रीत बदलली.

अभियंता व्हायचे राहून गेले

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी शिकागो येथे झाला. त्यांना अभियंता व्हायचे होते. मात्र ते दिवस जागतिक मंदीचे होते. शिष्यवृत्ती मिळाली ती शिकागो विद्यापीठाची, आणि तेथे अभियांत्रिकीचा विभागच नव्हता. त्यामुळे त्यांनी गणित घेतले व १९३७ मध्ये पदवी मिळवली. १९३९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून ते एम.ए. झाले. १९४२ मध्ये अवकल समीकरणांवरील प्रबंधासाठी इलिनॉय विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वांडा लिटल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अभियंता न झाल्याची खंत त्यांना पुढे उरली नाही. अभियंता झालो असतो तर मॅनहोलमध्ये उतरावे लागले असते, गणितामुळे संशोधनाच्या अग्रभागी पोहोचता आले, असे ते म्हणत.

काही काळ लुईव्हिल विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर एप्रिल १९४५ मध्ये हॅमिंग न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस येथे दाखल झाले. अणुबॉम्बच्या प्रकल्पात हान्स बेथे यांच्या विभागातील गणनयंत्रे चालवणे हे त्यांचे काम होते. भौतिकशास्त्रज्ञ समीकरणे मांडत आणि हॅमिंग ती यंत्राकडून सोडवून घेत. वांडाही काही दिवसांत तेथे आल्या आणि आकडेमोडीच्या कामावर रुजू झाल्या.

तेथील एक प्रसंग हॅमिंग यांनी अनेक वर्षांनी लिहून ठेवला. पहिल्या चाचणी-स्फोटाच्या थोडे आधी एका सहकाऱ्याने त्यांना काही आकडेमोड तपासून द्यायला सांगितली. ती कशाची, असे विचारताच उत्तर आले की, स्फोटामुळे पृथ्वीच्या संपूर्ण वातावरणाला आग लागण्याची शक्यता किती, याचे ते गणित आहे. हॅमिंग यांनी आकडेमोड तपासली आणि ती बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. परंतु त्या आकडेमोडीत वापरलेली मूळ भौतिक सूत्रे आणि मूल्ये बरोबर आहेत की नाहीत, हे सांगणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. १६ जुलै १९४५ रोजी चाचणी झाली व वातावरण शाबूत राहिले. मात्र तपासणीने नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा धडा त्या तरुण गणितज्ञाने तेथे घेतला.

बेल लॅबोरेटरीजमधील दिवस

युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये हॅमिंग न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. दूरध्वनी कंपनीची ही संशोधनसंस्था त्या काळी प्रतिभावंतांचे माहेरघर होती. काही काळ त्यांच्या खोलीत क्लॉड शॅनन बसत. माहिती मोजता येते आणि गोंगाटाच्या मार्गावरूनही ती बिनचूक पाठवता येते, हे गणिताने सिद्ध करणारे शॅनन ते हेच. शॅनन यांनी असे कोड असू शकतात हे दाखवले, परंतु ते प्रत्यक्ष कसे बांधायचे हे सांगितले नाही. ती वाट हॅमिंग यांनी शोधली, आणि तीही एका अडलेल्या कामाच्या निमित्ताने.

त्या रिले-यंत्रातील चूक ओळखण्याची युक्ती साधी होती. प्रत्येक अंकासाठी रिलेंचा एक गट असे आणि त्यातील ठरावीक संख्येचेच रिले चालू असत. एखादा रिले अडकला की ही संख्या कमी किंवा जास्त होई व यंत्राला चूक कळे. समोर माणूस असेल तर यंत्र थांबून इशारा देई. माणूस नसेल तर तीच पायरी ते तीनदा करून पाही आणि तरीही जमले नाही तर गणित सोडून पुढचे गणित हाती घेई. हॅमिंग यांची गणिते अशीच एकामागून एक सोडून दिली गेली होती.

शून्य आणि एक या भाषेत बोलणाऱ्या यंत्रांसाठी याहून सोपी तपासणी होती. काही बिट्सच्या शेवटी एक जादा बिट जोडायचा, तो असा की एकांची एकूण संख्या नेहमी सम यावी. वाचताना ती विषम निघाली तर कुठेतरी एक बिट उलटला आहे, हे निश्चित. या तपासणीला पॅरिटी म्हणतात. तिच्या दोन उणिवा आहेत. एकाच गटातील दोन बिट उलटले तर एकांची संख्या पुन्हा सम होते आणि चूक निसटते. शिवाय चूक झाली हे कळले तरी ती कितव्या बिटात झाली हे कळत नाही.

हॅमिंग यांनी आधी बिट्स आयतात मांडून पाहिले. प्रत्येक आडव्या ओळीला एक पॅरिटी आणि प्रत्येक उभ्या स्तंभाला एक. एखादा बिट बिघडला की एक ओळ व एक स्तंभ तक्रार करतात आणि दोघांच्या छेदावर चूक सापडते. मात्र यासाठी जादा बिट बरेच लागत. सकाळी कंपनीच्या टपालगाडीतून न्यूयॉर्कला जाताना हा आयत त्यांच्या मनात घोळत असे. अशाच एका प्रवासात आयताऐवजी त्रिकोण घेतला तर जादा बिट कमी लागतील, हे त्यांना उमगले. त्यापुढे घन आला आणि त्याहून अधिक मितींच्या आकृत्या आल्या. अखेर ते एका नेटक्या रचनेपाशी पोहोचले.

सात बिट्सचे कोडे

या रचनेत सात बिट असतात. त्यांपैकी चार माहितीचे आणि पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या स्थानावरील तीन तपासणीचे. पहिली तपासणी १, ३, ५, ७ या स्थानांवर नजर ठेवते. दुसरी २, ३, ६, ७ यांवर आणि तिसरी ४, ५, ६, ७ यांवर. वाचताना तिन्ही तपासण्या जुळल्या तर सर्व ठीक. समजा पहिली व तिसरी फसली आणि दुसरी जुळली. पहिलीचे मूल्य १ आणि तिसरीचे ४, त्यांची बेरीज पाच. म्हणजे पाचव्या स्थानावरील बिट चुकला आहे. बिटाला शून्य किंवा एक याखेरीज तिसरे रूप नसल्याने तो उलटवला की चूक दुरुस्त झाली. तपासणीचा बिटच चुकला असला तरी त्याचाही ठावठिकाणा याच रीतीने लागतो.

या पद्धतीची खरी ताकद मोठ्या गटांत दिसते. पंधरा बिट्सच्या गटात माहितीचे अकरा बिट बसतात, तर १०२३ बिट्सच्या गटात तब्बल १०१३. आणखी एक पॅरिटी बिट जोडला की एक चूक दुरुस्त करता येते आणि दोन चुका झाल्या तर निदान ओळखता येतात.

याच विचारातून त्यांनी अंतराची कल्पना मांडली. दोन शब्द जितक्या स्थानांवर भिन्न असतात, तितके त्यांच्यातील अंतर. सगळे वैध शब्द एकमेकांपासून पुरेसे दूर ठेवले तर थोडा बिघडलेला शब्दही आपल्या मूळ शब्दाच्याच सर्वांत जवळ राहतो आणि ओळखू येतो. हे अंतर आज हॅमिंग अंतर याच नावाने जगभर शिकवले जाते.

शोध लागला तरी तो लगेच प्रसिद्ध झाला नाही. आधी पेटंटची व्यवस्था व्हावी, असा कंपनीचा आग्रह होता. गणिताच्या सूत्रांचे पेटंट कसे मिळेल, याविषयी हॅमिंग स्वतःच साशंक होते. अखेर एप्रिल १९५० मध्ये बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि मे १९५१ मध्ये बर्नार्ड होलब्रुक यांच्यासह त्यांना पेटंट मिळाले. दरम्यान, शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या निबंधात सात बिट्सच्या रचनेचा उल्लेख हॅमिंग यांच्या नावानिशी केला होता. तो धागा पकडून मार्सेल गोले यांनी १९४९ मध्येच एक छोटेखानी लेख प्रसिद्ध केला. श्रेय कुणाचे किती, यावर पुढे बराच खल झाला. पेटंटपायी झालेल्या विलंबाची ती किंमत होती.

चुंबकीय फितीची परीक्षा

याच सुमारास संगणकांना साठवणुकीचे नवे साधन मिळाले. १९५१ च्या युनिव्हॅक संगणकाने निकेलचा मुलामा दिलेली धातूची फीत वापरली. १९५२ मध्ये आयबीएमने प्लास्टिकची, चुंबकीय लेप असलेली अर्धा इंच रुंद फीत आणली. तिच्यावर समांतर सात ट्रॅक होते. सहा अक्षराच्या बिट्ससाठी, सातवा पॅरिटीसाठी. एका इंचात शंभर अक्षरे मावत.

ही फीत स्वस्त आणि प्रचंड माहिती सामावणारी होती. परंतु लेपातील एखादा विरळ ठिपका किंवा फीत व हेड यांच्यात शिरलेला धुळीचा कण बिट पुसून टाकायला पुरेसा होता. अशी चूक लिहितानाच लक्षात आली नाही तर ती कळणार कधी, तर कित्येक महिन्यांनी, फीत वाचायची वेळ येईल तेव्हा. तोवर मूळ कागद नष्ट झालेले असायचे. पगारपत्रक असो, विम्याचे हप्ते असोत की बँकेची खाती, दुरुस्तीला आधारच उरत नसे.

म्हणून लेखन आणि तपासणी शेजारी-शेजारी आणली गेली. आयबीएमच्या ७२९ मालिकेतील यंत्रांत हेडला दोन फटी असत. पहिली फट लिही आणि तिच्या किंचित मागे असलेली दुसरी फट तेच लिखाण लगेच वाचून पाही. पॅरिटी जुळली नाही तर फीत मागे घेऊन तोच मजकूर पुन्हा लिहिला जाई. वारंवार अपयश आले तर तेवढा तुकडा कोरा सोडून पुढच्या स्वच्छ जागेवर लेखन होई. शिवाय प्रत्येक नोंदीच्या अखेरीस सर्व ट्रॅकची लांबीच्या दिशेने तपासणी करणारे एक जादा अक्षर असे. रुंदीला पॅरिटी आणि लांबीला पॅरिटी, म्हणजे हॅमिंग यांनी आरंभी मांडलेला आयतच जणू फितीवर उतरला होता.

हॅमिंग यांचा कोड मात्र फितीवर जसाच्या तसा पुरेसा पडला नाही. धुळीचा कण एकच बिट बिघडवत नाही. तो शेजारचे अनेक बिट एका झटक्यात खराब करतो. अशा सलग चुकांसाठी वेगळी हत्यारे लागली आणि ती त्यांच्या पायाभरणीवर इतरांनी घडवली. १९६० मध्ये आयर्विंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन यांनी बिट्सच्या गटांवर काम करणारा कोड मांडला. त्याच वर्षी राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार रायचौधुरी या दोन भारतीय गणितज्ञांनी अनेक चुका दुरुस्त करणारे कोड प्रसिद्ध केले. त्यांपैकी बोस यांचा जन्म नर्मदाकाठच्या होशंगाबादचा. फ्रान्सचे ऑकेंगेम यांनी आदल्या वर्षी स्वतंत्रपणे तेच शोधले होते. १९६१ मध्ये वेस्ली पीटरसन व डी. टी. ब्राऊन यांनी चक्रीय तपासणीची पद्धत सविस्तर मांडली. १९६४ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम ३६० बरोबर नऊ ट्रॅकची फीत आली, तेव्हा प्रत्येक नोंदीच्या शेवटी चक्रीय तपासणीचे अक्षर लिहिले जाऊ लागले. आपला मूळ कोड हॅमिंग यांनी संगणकाच्या स्मृतीत मात्र रुजलेला पाहिला. १९६१ च्या आयबीएम स्ट्रेच संगणकात माहितीच्या दर ६४ बिट्समागे तपासणीचे आठ बिट होते.

मोठे प्रश्न विचारण्याचा हट्ट

हॅमिंग एका शोधावर थांबले नाहीत. संकेतप्रक्रियेतील हॅमिंग विंडो हे साधन त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९५६ मध्ये आयबीएम ६५० या संगणकासाठी भाषा तयार करण्यातही त्यांचा वाटा होता. संख्यात्मक पद्धतींवरील त्यांचा ग्रंथ १९६२ मध्ये आला. आकड्यांचे ढीग रचणे हे गणनाचे उद्दिष्ट नसून समज वाढवणे हे आहे, ही त्या ग्रंथामागची धारणा होती. १९५८ ते १९६० या काळात ते अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या एसीएम या संघटनेचे अध्यक्ष होते आणि १९६८ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

स्वभावाने ते परखड, काहीसे टोचरे होते. भोजनाच्या वेळी रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर बसून ते त्यांच्या क्षेत्रातील महत्त्वाचे प्रश्न कोणते, हे विचारत. काही दिवसांनी, मग तुम्ही त्यांवर काम का करीत नाही, असे विचारत. लवकरच त्या टेबलावर त्यांचे स्वागत होईनासे झाले. मात्र त्यांतील एकाने तो प्रश्न मनावर घेतला आणि पुढे तो मोठ्या मानाला पोहोचला. ज्या शुक्रवारांनी त्यांना मनस्ताप दिला, त्याच शुक्रवारची दुपार त्यांनी नंतर नेमाने राखून ठेवली. त्या वेळी हातातले काम बाजूला ठेवून ते संगणकाचे पुढे काय होणार यासारख्या मोठ्या प्रश्नांवरच विचार करीत.

ज्येष्ठांनी वेळीच बाजूला होऊन तरुणांना जागा द्यावी, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी स्वतः पाळले. १९७६ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी बेल लॅबोरेटरीज सोडली आणि कॅलिफोर्नियात मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ते शिकवू लागले. संशोधन व संशोधक यांविषयी मार्च १९८६ मध्ये त्यांनी दिलेले व्याख्यान आजही नवे संशोधक आवडीने वाचतात. याच वर्षी अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांच्या नावाचे पदक सुरू केले आणि १९८८ मध्ये पहिले पदक त्यांनाच दिले. डिसेंबर १९९७ पर्यंत ते वर्गात उभे होते. ७ जानेवारी १९९८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मॉन्टेरे येथे त्यांचे निधन झाले.

फितीचा जमाना संपला, असे अनेकदा जाहीर झाले. प्रत्यक्षात मोठ्या संस्थांच्या माहितीच्या प्रती आजही फितीवर ठेवल्या जातात. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जीमेलच्या काही ग्राहकांचा पत्रव्यवहार नाहीसा झाला, तेव्हा गुगलने तो फितींवरूनच परत मिळवला. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या एलटीओ कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट माहिती मावते. तीत लेखन चालू असतानाच वाचन होते, बिघडलेला भाग पुढे पुन्हा लिहिला जातो आणि रीड-सॉलोमन कोडचे दुहेरी कवच माहितीभोवती असते. त्या कवचाची ताकद मोजण्याचे माप मात्र अजूनही हॅमिंग अंतर हेच आहे. न्यूयॉर्कमधील त्या रिले-यंत्रापाशी शुक्रवारी रात्री कुणी माणूस नव्हता. आज लक्षावधी फितींपाशीही कुणी नसते आणि चूक झालीच तर फितीची यंत्रणा ती स्वतः शोधून दुरुस्त करते.